पान वर जातं

१

चार हजार दोनशे दहावा फोटो पाहून तोमेजी कुमागाईंनी 'पाहिला' हे बटण दाबलं, आणि पान वर गेलं. पहिल्या फोटोवर.

चार हजार दोनशे दहावा फोटो पाहून तोमेजी कुमागाईंनी 'पाहिला' हे बटण दाबलं, आणि मागे उभ्या असलेल्या चिगुसा मियामोरीच्या डोळ्यांदेखत पान वर गेलं. पहिल्या फोटोवर. पहिल्या फोटोत कुणाच्या तरी लग्नातला तीन मजली केक होता. तोमेजींनी त्या केककडे बघितलंसुद्धा नाही. माऊस धरला आणि पान खाली ओढायला लागले. हजार. दोन हजार. तीन.

चार हजार दोनशे दहावा फोटो पाहून झाल्याची खूण दिसली, त्यांनी खालचा चार हजार दोनशे अकरावा पाहिला, बटण दाबलं, पान वर गेलं, केक आला, आणि या वेळी त्यांनी खुर्ची मागे फिरवून चिगुसाला विचारलं, "सेन्सेई, हे तुम्हीच केलंय ना?"

चिगुसा सेन्सेई, म्हणजे शिक्षिका वगैरे, नव्हती. मोरिओकातल्या एका लहानशा कंपनीत ती कंप्युटरचे प्रोग्राम लिहायची आणि त्या दिवशी डोंगर ओलांडून, अडीच तास गाडी चालवत नागिहामाला आली होती ती प्रिंटर का अडतो एवढं बघायला. पण पान तिनेच केलं होतं. तिने तसं सांगितलं.

"मग तुम्हाला सांगायला हरकत नाही," तोमेजी म्हणाले. "हे पान नव्हे, माकड आहे. बोट लावलं की झाडाच्या शेंड्यावर."

२

त्सुनामीची लाट येऊन पावणेपाच वर्षं झाली होती. लाट ओसरल्यावर चिखलातून, मोडक्या भिंतींखालून, झाडांच्या फांद्यांतून गावाचे फोटो निघाले. माणसं शोधायला आलेल्यांनी ते वेचून बंद पडलेल्या शाळेच्या संगीताच्या खोलीत आणून ठेवले. ओनोदेराबाईंचं केस कापायचं दुकान वाहून गेलं होतं. केसांना रंग लावायच्या मऊ ब्रशांचा एक खोका तेवढा वाचला होता, त्या ब्रशांनी त्यांनी एकेक फोटो धुतला, दोरीवर वाळवला आणि क्रमांक दिला. आठ हजार दोनशे शहाऐंशी. मूळ फोटोंना बुरशी लागायला लागली तेव्हा ते मासळी संघाच्या शीतगृहात हलवले. लोकांनी बघायचे ते पडद्यावर, चिगुसाच्या पानावर.

नगरपालिकेच्या करारात 'एक पान' असं लिहिलेलं होतं, म्हणून एकच पान. आठ हजार फोटो एकाखाली एक. प्रत्येक फोटोवर आडवा त्याचा क्रमांक छापलेला आणि खाली दोन बटणं: 'पाहिला' आणि 'आमचा आहे'. कुणी 'आमचा आहे' म्हटलं, बाईंनी फोनवर खात्री केली, की तो फोटो पानावरून काढून टाकायचा आणि पाकिटात घालून पाठवायचा. कुठलंही बटण दाबलं की माहिती मोरिओकाला जायची, पान नव्याने यायचं आणि नव्याने आलेलं पान वरूनच सुरू व्हायचं. तरुण माणसं एखादं बटण दाबत, बाकी नुसते फोटो बघत जात. तोमेजी एकही फोटो खूण केल्याशिवाय सोडत नसत. चाळीस वर्षं त्यांनी समुद्रात वाकामे या खायच्या शेवाळाची शेती केली होती. दोरावरचा प्रत्येक झुबका हाताखालून गेला पाहिजे, ही सवय.

त्यावर त्यांनी स्वतःपुरता एक उपाय काढला होता. पडद्याच्या उजव्या कडेला, जिथे पान किती खाली आलंय ते दाखवणारी पट्टी असते, तिथे पिवळ्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावलेला होता. पान वर गेलं की पट्टी त्या तुकड्यापर्यंत ओढायची. नेमकं कधीच जमायचं नाही. ते मुद्दाम थोडं अलीकडे थांबत, पाच-दहा पाहिलेले फोटो पुन्हा पाहत, मग पुढचा. दीड वर्षात चार हजारांवर आले होते. मंगळवार आणि शुक्रवार, कारण तात्पुरत्या घरांच्या वस्तीतून बस त्याच दिवशी यायची.

"हे फोटोंचं केंद्र मार्चमध्ये बंद होतंय," ओनोदेराबाई चिगुसाला बाजूला घेऊन म्हणाल्या. "उरलेले फोटो देवळात, होमात. कुणाच्याही चेहऱ्याचा फोटो कचऱ्यात कसा टाकणार? या वेगाने तोमेजीसान सहा हजारांवर पण पोचणार नाहीत."

चिगुसाने विचारलं, ते नक्की काय शोधतायत.

"बायको. किनुएसान."

३

असल्या बदलाला एक कागद लागतो. त्यावर तीन शिक्के: विभागप्रमुखाचा, नगरपालिकेचा, तपासणी करणाऱ्याचा. विभागप्रमुख शिमादा वाईट माणूस नव्हता. त्याने कॅलेंडर बघितलं, मार्चवर बोट ठेवलं आणि म्हणाला की बंद पडणाऱ्या पानासाठी आता कुणी शिक्का काढायचा नाही. पण पडद्यापुरतं काही असेल, मोरिओकाच्या यंत्रातल्या मूळ प्रोग्रामला हात लागणार नसेल, तर ती किरकोळ दुरुस्ती. तिला कागद नको, तपासणीही नको.

चिगुसाने दुपारचं जेवण टेबलावरच केलं.

पानाला जागा लक्षात ठेवायला शिकवायचं, तर रस्ते दोन होते. एक, फोटोचा क्रमांक लक्षात ठेवायचा: माणूस बेचाळीसशे दहावर होता, त्याला पुढच्या शिल्लक फोटोवर नेऊन सोड. त्यासाठी मूळ प्रोग्रामला हात लावावा लागला असता, म्हणजे शिक्के. दुसरा, उंची लक्षात ठेवायची: बटण दाबताना पान वरून किती ठिपके खाली होतं, तो आकडा जपून ठेव आणि पान परत आलं की तेवढंच खाली सरक. हे पडद्यापुरतं होतं. दहा-बारा ओळींचं काम.

क्रमांक की उंची, हा प्रश्न तिच्या मनात आला होता. हे पुढे तिला स्वतःपासून लपवता आलं नाही. प्रश्न आला, भाताचा घास तोंडात होता, आणि तिने उंची धरली.

आणखी एक गोष्ट तिने आपणहून केली. तोमेजींच्या उजव्या हाताची दोन बोटं दोरात सापडून आखडलेली होती, हे तिने पाहिलं होतं. म्हणून आकड्यात तिने एका फोटोची उंची मिळवली. बटण दाबलं की पान परत त्याच जागी, आणि शिवाय एक फोटो पुढे. माऊस ओढायलाच नको. नुसतं दाबत जायचं.

तिने स्वतःच शंभर वेळा दाबून पाहिलं. एक, दोन, तीन, शंभर. एकही चुकला नाही. तिच्या यंत्रावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

४

"माकड माणसाळलं की," तोमेजी म्हणाले, आणि नखाने टोकरून पिवळी चिकटपट्टी काढायला लागले. अर्धी निघाली, अर्धी तशीच राहिली.

त्या हिवाळ्यात चिगुसा गरजेपेक्षा जास्त वेळा नागिहामाला गेली. प्रिंटरचं निमित्त पुरेना, तेव्हा निमित्त द्यायचं तिने सोडलं. शिमादा काही बोलला नाही. ओनोदेराबाई मात्र बोलल्या, की मोरिओकात तरुण पुरुषांची टंचाई दिसते, नाहीतर पोरगी दर शुक्रवारी एका ऐंशीच्या म्हाताऱ्याला भेटायला डोंगर ओलांडून आली नसती. तोमेजी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, एकोणऐंशी.

ते आले की बाई त्यांनी शेवटची खूण केलेला फोटो शोधून द्यायच्या, मग ते दाबत जायचे. दिवसाला दोनशे व्हायला लागले. दुपारी ते चिगुसाला पर्सिमनचं वाळवलेलं फळ द्यायचे, स्वतः अर्धं खायचे आणि थोडं थोडं सांगायचे. ते सांगणंही सरळ कधी नसायचं. वाकामेच्या भावापासून सुरू व्हायचं, एखाद्या वादळाकडे वळायचं, आणि मग मध्येच किनुए यायची.

तिला फोटो आवडायचा नाही. कॅमेऱ्याचा आवाज व्हायच्या क्षणी ती मान वळवायची. लग्नाच्या फोटोतसुद्धा. गाडी ती चालवत नव्हती, परदेशी कधी गेली नाही, त्यामुळे सरकारी कागदावरही तिचा चेहरा कुठे नव्हता. घर गेलं, दोन्हीकडच्या नातेवाइकांची घरंही त्याच किनाऱ्यावर होती, तीही गेली. वस्तीतल्या घरात फळीवर छोटं देवघर होतं. त्यात फोटोची चौकट होती आणि चौकटीत एका पुठ्ठ्यावर तोमेजींच्या हाताने लिहिलेलं तिचं नाव.

एकच फोटो गावात पुष्कळ घरांत असायला हवा होता. शोवा अठ्ठावन्न, म्हणजे एकोणीसशे त्र्याऐंशी साली त्यांची पहिली नाव पाण्यात सोडली, त्या दिवशीचा. तिचं नाव दाइकिची मारू. नावेवरून तांदळाच्या मोचीचे गोळे उधळले होते, अर्धं गाव गोळा झालं होतं, आणि मोठ्या रंगीत निशाणाचं एक टोक किनुएच्या हातात होतं. छायाचित्रकाराने प्रती काढून घरोघर वाटल्या होत्या.

"चेहरा मला आठवत नाही असं नाही," एकदा ते म्हणाले. "आठवतो. पण दर वर्षी लहान होत चाललाय. आधी सत्तरीची आठवायची, मग पन्नाशीची, आता तिशीची यायला लागलीय. मी इकडे असा, आणि ती वर वर जातेय. कुठेतरी खिळा मारून ठेवायला हवा."

५

फेब्रुवारीच्या शेवटी होमाची तारीख वर्तमानपत्रात आली, आणि पाच वर्षं गप्प बसलेली माणसं एकदम जागी झाली. सेंदाईहून, तोक्योहून, ओसाकाहून. जी घरं सोडून गेली होती, ज्यांना इतके दिवस बघायचा धीर झाला नव्हता, ती सगळी रात्रंदिवस ते पान बघायला लागली. 'आमचा आहे', 'आमचा आहे'. ओनोदेराबाईंचा फोन कानापासून हलेना. दिवसाला वीस, तीस, कधी पन्नास फोटो पानावरून कमी व्हायला लागले.

त्यामुळे क्रमांक तुटक झाले. एकोणसत्तरशे चारनंतर एकदम एकोणसत्तरशे सात. या केंद्रात तुटलेला क्रमांक ही चांगली गोष्ट होती. जो क्रमांक दिसत नाही, तो कुणाच्या तरी घरी गेला. तोमेजींनी त्याचा एक नेमच करून टाकला होता. मधला क्रमांक गायब दिसला की ते पडद्यासमोर मान किंचित झुकवायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "गेला घरी."

चार मार्च, शुक्रवार, दुपारचे दोन वाजून गेलेले. चिगुसा त्यांच्या शेजारीच बसली होती, मांडीवर डबा, हातात चॉपस्टिक्स. पडद्यावर सात हजार तीनशे पंधरा: दोन मुलं आणि एक ओला कुत्रा. तोमेजींनी 'पाहिला' दाबलं. बाई फोनवर कुणाचं तरी अभिनंदन करत होत्या. पान क्षणभर पांढरं झालं, परत आलं, बरोब्बर जागेवर थांबलं.

सात हजार तीनशे सतरा: रिकामा डाळिंबी रंगाचा सोफा.

तोमेजींनी मान झुकवली. "गेला घरी," ते म्हणाले.

चिगुसानेही झुकवली. तोंडात घास होता म्हणून ती बोलली नाही.

७

मंगळवारी, पंधरा मार्चला, तोमेजी आठ हजार दोनशे शहाऐंशीवर पोचले. शेवटचा फोटो समुद्राच्या पाण्याने पूर्ण पांढरा झालेला होता. तरी त्यांनी तो नीट पाहिला आणि बटण दाबलं.

ओनोदेराबाईंनी सगळ्यांना चहा केला.  चिगुसा म्हणाली की उशीर झाला, पान आधीच नीट केलं असतं तर. तोमेजींनी हात हलवला.

"नव्हता. बस. सगळं बघितलं आणि नव्हता, हे कळलं ना," ते म्हणाले. "न बघता राहिला असता तर मेल्यावरही बोच राहिली असती. सेन्सेई, तुमच्यामुळे मला शेवटपर्यंत जाता आलं."

आणि ते उठून उभे राहिले आणि तिच्यापुढे वाकले. कमरेतून, खाली, बराच वेळ.

शनिवारी हिगानचे, पितरांना आठवायचे दिवस चालू होते. शीतगृहातून चौसष्ट खोके देवळाच्या अंगणात आले. भिक्षूंनी सूत्रं म्हटली, वारा समुद्राकडून होता, धूर डोंगराकडे गेला. फोटो जळतात तेव्हा कडा आधी आत वळतात, हे चिगुसाला त्या दिवशी कळलं. तोमेजींनी कोटाच्या आतून एक चपटी वस्तू काढली. देवघरातली चौकट, आतल्या पुठ्ठ्यासकट. कुणी अडवायच्या आत त्यांनी ती आगीत ठेवली. टाकली नाही, ठेवली.

ओनोदेराबाई म्हणाल्या, "तोमेजीसान, चौकट कशाला?"

"कोण येणार आहे आता त्यात," ते म्हणाले.

८

नियम असा होता की ज्या दिवशी मूळ फोटो जातील त्याच दिवशी संगणकावरच्या प्रतीही पुसायच्या. दुसऱ्यांचे चेहरे सरकारने विनाकारण बाळगू नयेत. मोठ्या प्रती सकाळीच पुसल्या गेल्या होत्या. पानावरच्या लहान, क्रमांक छापलेल्या प्रती चिगुसाने दुपारी पुसायच्या होत्या. पुसण्याआधी एक हिशेब नगरपालिकेला द्यायचा होता: किती परत गेले, किती कुणीच पाहिले नाहीत, कुणी किती पाहिले.

संगीताच्या खोलीत ती एकटी होती. पडद्याच्या कडेला चिकटपट्टीचा अर्धा तुकडा.

कुमागाई तोमेजी. शिल्लक फोटोंपैकी खूण नसलेले: एकेचाळीस.

तिला आधी वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नसेल. आखडलेली बोटं. मग तिने ते एकेचाळीस क्रमांक काढले आणि त्यांच्या शेजारी आधीच्या फोटोवरच्या खुणेच्या वेळा लावल्या. बहुतेक सगळे शेवटच्या तीन आठवड्यांतले. सात हजार तीनशे पंधराची खूण: चार मार्च, दोन वाजून एकोणीस मिनिटं. त्याच मिनिटाला पाचशे अठरावा फोटो, शाळेतल्या शर्यतीचा, सेंदाईतल्या कुणाच्या तरी नावावर झाला आणि पानावरून निघाला.



वरचा एक फोटो निघाला की खालचं सगळं पान एका फोटोने वर सरकतं. पान उंची लक्षात ठेवत होतं, फोटो नाही. उंची तीच राहिली, तिच्याखालून पान सरकलं, त्यात आणखी एक फोटो पुढे जायचं तिनेच शिकवलेलं. म्हणजे एक फोटो मध्येच ओलांडला गेला. दर वेळी कुणाच्या तरी घरी एक फोटो पोचला, की त्याच क्षणी तोमेजींच्या समोरून एक न दिसता निघून जायचा. क्रमांक तुटलेला दिसायचा, आणि तुटलेला क्रमांक म्हणजे चांगली बातमी. ते मान झुकवायचे.

चिकटपट्टीने हे झालं नसतं. चिकटपट्टी नेहमी थोडी अलीकडे थांबायची.

तिने शिमादाला फोन केला आणि सगळं सांगितलं.  तो म्हणाला की तुझं काम पुसायचं आहे, शोधायचं नाही. आणि लेखी माफी वगैरे कुणालाही देऊ नकोस. मग आवाज बदलून म्हणाला, "मियामोरी, तो म्हातारा आता समाधानी आहे असं तूच म्हणालीस ना?"

एकेचाळीस फोटो तिने एकेक करून उघडले. वाढदिवस. थडगं. बेसबॉलची पोरं. तेविसावा सात हजार तीनशे सोळा. निशाणावर दाइकिची मारू असं लिहिलेलं होतं.

प्रिंटर त्या दिवशी अडला नाही.

९

वस्तीतल्या घरांच्या भिंती पातळ असतात. दाराबाहेर उभं राहिल्यावर आतल्या किटलीचा आवाज येत होता. चिगुसाने पाकीट दोन्ही हातांत धरलं होतं. वाटेत तिने तीन वेळा गाडी परत वळवली होती.

सगळं पाहिलं आणि नव्हता, हे त्या माणसाने पाच वर्षांनी कमावलं होतं. ते आता त्याच्याकडून काढून घ्यायचं, आणि बदल्यात द्यायचा तळहाताएवढा कागद. मूळ फोटो सकाळपर्यंत गावात होता, तोही याच्या डोळ्यांसमोर जळाला. हे सांगायचं की नाही, याचं उत्तर तिला दारापर्यंत सापडलं नाही. दार तोमेजींनीच उघडलं.

तिने बसून सांगितलं. उंची, क्रमांक, एकेचाळीस. त्यांना कळेल अशा शब्दांत सांगितलं, कारण न कळण्याच्या आडोशाला तिला लपायचं नव्हतं. देवघरात चौकटीच्या जागी फळीवर धुळीत एक स्वच्छ आयत उरला होता. मग तिने पाकीट पुढे सरकवलं आणि कपाळ चटईला टेकवलं.

कागद निघाल्याचा आवाज आला. किटली बंद झाली. ती वर बघत नव्हती.

"निशाण आपलंच," शेवटी तोमेजी म्हणाले.

"हो."

"क्रमांक बाईच्या छातीवर आलाय. कैद्यासारखा."

"सगळ्यांवर तसाच छापलाय. माझीच..."

"ही ती नाही," ते म्हणाले.

चिगुसाने मान वर केली. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरला होता.

"त्या दिवशी निशाण धरायला निम्मं गाव होतं. कुणाचीही बायको असेल. आमची असती तर मान वळवली असती. ही सरळ बघतेय." त्यांनी फोटो पाकिटात घातला, पाकिटाची कड नीट दुमडली आणि दोन्ही हातांनी तिला परत दिला. "पुसून टाका तुमच्या नियमाप्रमाणे."

चिगुसाला काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी तिला बोलू दिलं नाही. चहा ओतला, पर्सिमन संपले म्हणाले, पुढच्या वर्षीचे लागतील तेव्हा केंद्र नसेल, तेव्हा इथेच ये म्हणाले. दारापर्यंत आले. ती बूट घालत होती तेव्हा त्यांनी विचारलं, "क्रमांक किती म्हणालात?"

"सात हजार तीनशे सोळा."

तोमेजींनी मान किंचित झुकवली. नेहमीसारखीच.

"गेला घरी," ते म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

१०

चार वाजता ती पुन्हा संगीताच्या खोलीत होती. पाकिटातला कागद तिने एकदा बाहेर काढून पाहिला, बराच वेळ पाहिला, मग बारीक फाडला. मग पान उघडून ती सात हजार तीनशे सोळावर गेली आणि तिथूनच 'सर्व पुसा' दाबलं. खात्री आहे का, असं यंत्राने विचारलं. तिने हो म्हटलं.

पान पांढरं झालं. तिने शिकवलेल्या ओळी अजून त्यात होत्या. पानाने ती उंची आठवली असणार, तिथवर जायला बघितलं असणार. पण खाली काहीच उरलं नव्हतं.

पान वर गेलं.

६

क्रमांक ७३१६. रंगीत, कडा पाण्याने खाल्लेल्या. नावेचा पुढचा भाग, त्यावर उभे पाच-सहा पुरुष, हवेत पांढरे ठिपके, बहुधा मोची. खाली गर्दी. उजवीकडे लाल-निळं मोठं निशाण, त्याचं एक टोक एका बाईच्या दोन्ही मुठींत घट्ट. अंगावर स्वयंपाकाचा पांढरा एप्रन. चेहऱ्याच्या जागी समुद्राने गोल पांढरा डाग ठेवलाय, नाक नाही, डोळे नाहीत, त्यामुळे ती सरळ बघतेय असं वाटतं.

पण डागाच्या डाव्या बाजूला, कानामागे, डोक्यामागे बांधलेला केसांचा अंबाडा पूर्ण दिसतो.